हीटर सर्किट तपासायला मीटर की टेस्ट लॅम्प?

स्कॅनरवर, म्हणजे गाडीचे एरर कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी ०१३५ किंवा पी ०१४१ आला की बरेच जण थेट ऑक्सिजन सेन्सरचा (सायलेन्सरच्या पाइपात बसतो आणि धुरातला ऑक्सिजन मोजतो) भाव विचारायला निघतात. जरा थांबा. त्या सेन्सरला आतून तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो कोड सांगतो. फ्यूज, वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) की खुद्द सेन्सर, ते आपणच शोधायचं. इथे चार वायरच्या साध्या सेन्सरबद्दलच बोलतोय.

मीटर, म्हणजे मल्टीमीटर, एका कामात बिनतोड. कपलर सोडवा आणि सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन वायरींवर, बहुधा पांढऱ्या असतात, ओहम मोजा. थंड सेन्सरवर साधारण एक आकडी किंवा दहाच्या आसपास रीडिंग येतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ‘ओएल’ (सर्किट तुटल्याची खूण) दिसलं तर हीटर तुटलाय, विषय संपला.

माझ्या गाडीत हीटर ठणठणीत होता. हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या, बाजूला मीटर १२ व्होल्टच्या वर दाखवत होता. तरी कोड पुसला की परत हजर! सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या कमी नाहीत, माझीही त्यातलीच. शेवटी टेस्ट लॅम्प म्हणून इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब सप्लायची वायर आणि गाडीच्या बॉडीच्या मध्ये लावला, तर तो नुसता लालसर झाला. कपलरजवळ वायरचं आवरण सोललं, तेव्हा तांब्याला हिरवा कळंक चढून दोन-चार तारा उरलेल्या. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे त्याला तेवढ्या ताराही पुरतात. हीटरला अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तिथे व्होल्टेज कोसळतं.

मीटरवर अन्याय नको. कपलर जोडलेला ठेवून, मागून पिन घालून, चालू इंजिनवर मोजलं तर त्यालाही हा दोष सापडतो. पण गाडीखाली आडवं पडायचं, शेजारी तापलेला सायलेन्सर, दोन्ही हातांत पिना, आणि रीडिंग वाचायला मान वळवली की एक पिन निसटते. मला तरी हा वैताग झेपत नाही. बल्बला मगरक्लिप लावली की हात मोकळे.

लॅम्पची पथ्यं मात्र पाळा. मोठा बल्ब लावू नका आणि सिग्नलच्या दोन वायरींना, बहुधा काळी आणि राखाडी, अजिबात हात लावू नका. काही गाड्यांत सप्लाय इंजिन चालू झाल्यावरच येतो. हीटरच्या दोन्ही पिनांमध्ये बल्ब लावल्यावर तो लुकलुकला किंवा मंद जळला तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत ईसीयू हीटरचं अर्थिंग सलग न देता पल्समध्ये, म्हणजे चालू-बंद करत, देतो.

घरात मीटर असेल तर ओहमसाठी वापराच. पण काहीच नसेल आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली असेल, तर मी आधी होल्डर, बल्ब आणि दोन क्लिपा घेईन. ऑटो इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतात.