रफ लिंटर: डिफॉल्ट व्हॅल्यूची चूक पकडतो, दुरुस्ती मात्र तपासून घ्या

पायथॉनमध्ये पॅरामीटरची डिफॉल्ट व्हॅल्यू 'डेफ'ची (फंक्शन बनवणारी) ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होते, दर कॉलला नाही. डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली आणि आत अपेंड केलं, की पहिल्या कॉलला ['साखर'] मिळतं, दुसऱ्याला ['साखर', 'चहा']. एरर कुठेच येत नाही. टेस्टमध्ये फंक्शन एकदाच बोलावलं असेल तर तीही हिरवीगार!

अ‍ॅस्ट्रलचा रफ हा लिंटर, म्हणजे कोड न चालवताच त्यातल्या चुका शोधणारं साधन, ही चूक बी006 या नियमाखाली पकडतो. मोठ्या प्रोजेक्टवरही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निकाल हातात. पण 0.1 आवृत्तीत आपोआप चालणाऱ्या नियमांची मूळ निवड ई4, ई7, ई9 आणि एफ या गटांपुरतीच ठेवली गेली; त्यात 'बी' गट नाही. त्यामुळे नुसतं 'रफ चेक' चालवून निर्धास्त होऊ नका. कॉन्फिगमध्ये 'एक्स्टेंड-सिलेक्ट'ला 'बी' जोडा. पायलिंट या दुसऱ्या लिंटरमध्ये हीच तपासणी मुळातच चालू असते, तिथे तो पुढे आहे.

जोडीचा बी008, म्हणजे डिफॉल्टमध्ये केलेला फंक्शन कॉल पकडणारा नियम, जास्त कामाचा वाटतो. बिलाच्या तारखेला डेट.टुडे() हे डिफॉल्ट दिलं, की सोमवारी सुरू केलेला सर्व्हर बुधवारच्या बिलावरही सोमवारच छापतो. फास्टएपीआय या वेब फ्रेमवर्कमध्ये मुद्दाम डिफॉल्ट म्हणून लिहिल्या जाणाऱ्या डिपेंड्स() कॉलवर मात्र हा नियम उगाच ओरडतो. ते नाव 'एक्स्टेंड-इम्युटेबल-कॉल्स'मध्ये टाकलं की शांत.

बी006ची आपोआप दुरुस्ती 'अनसेफ' (कोडचं वागणं बदलू शकणाऱ्या) गटात आहे आणि ते योग्यच. रफ डिफॉल्ट बदलून नन (पायथॉनमधली 'काहीच नाही' ही व्हॅल्यू) करतो आणि आत 'इफ … इज नन' तपासून नवी लिस्ट बनवतो. आधीचे निकाल जपून ठेवायला मुद्दाम कॅशे म्हणून ठेवलेला डिक्ट यात मोडतो. कुणी चुकून नन पाठवलं तर आधी अपेंडवर एरर यायची, आता चूक मुकाट्याने गिळली जाते. म्हणून डिफ (काय बदललं ते) वाचूनच कमिट करा.

घाईत 'यादी = यादी ऑर []' लिहिणाऱ्यांना बी006 अडवत नाही. कॉलरने स्वतःची रिकामी लिस्ट दिली तरी ती खोटी ठरून बाजूला पडते, आणि भरलेला माल भलत्याच लिस्टमध्ये जातो. पॅरामीटरचा प्रकार सांगणारी टाइप हिंट 'सीक्वेन्स' असेल तरीही बी006 गप्प राहतो, कारण त्या हिंटनुसार आत अपेंड करता येत नाही. ते टाइप चेकरने धरायचं. नन हीच वैध व्हॅल्यू असेल, तर मॉड्यूलच्या वरच्या भागात ऑब्जेक्ट()ची एक खूण बनवून तीच डिफॉल्ट द्यावी.