कोन, सूट की फुगवायची कॉलर? नसबंदीनंतर टाके सांभाळताना

माझ्या चिंगी कुत्रीच्या पोटावर नसबंदीचे टाके पडले तेव्हा ती सात महिन्यांची होती. संध्याकाळी घरी आणली तेव्हा भूल पुरती उतरली नव्हती, त्यात टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात तो प्लास्टिकचा कोन. दाराच्या चौकटीला धडकली आणि तिथेच थिजून उभी राहिली. मला ते बघवेना. रात्री अकराला मी कोन काढून ठेवला. पहाटे दोन टाके उसवलेले होते. पुन्हा दवाखाना, पुन्हा भूल. त्या पिल्लाला माझ्यामुळे दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे जरा खोलात जाऊन लिहिते आहे.

आधी डॉक्टरांना एक विचारा: टाके कुठे आहेत? बहुतेक दवाखान्यांत पोटाच्या मध्यरेषेवर, बेंबीच्या खाली छेद घेतात. पण आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रांत बऱ्याचदा कुशीतून, उजव्या बरगड्यांच्या मागे छेद घेतला जातो. तुमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, तिथून आली असेल तर पुढचा हिशेब थोडा बदलतो.

प्लास्टिकचा कोन दिसायला निष्ठुर, पण कामाला पक्का. मात्र माप चुकलं तर उपयोग शून्य. त्याची कड नाकाच्या शेंड्यापुढे दोन-तीन सेंटीमीटर यायला हवी आणि गळ्याशी दोन बोटं सरकायला हवीत. खाताना तो जमिनीला अडतो. त्यासाठी कोनाच्या आत मावेल अशी लहान वाटी उलट्या डब्यावर ठेवा, पिल्लू मुकाट्याने जेवतं. धडकाधडकी पहिला दिवस-दीड दिवस चालते, मग त्यांना अंदाज येतो. कापडी कोन मऊ असतो, पण हट्टी पिल्लू तो दुमडून आतून तोंड घालतंच.

फुगवायची कॉलर मला या शस्त्रक्रियेसाठी पटत नाही. झोपायला उशीसारखी, आजूबाजूचं दिसतंही छान, म्हणून दुकानात मोह होतो. पण इंडी, लॅब्रडॉर, डॅशहंड अशा लांब तोंडाच्या पिल्लांचं नाक तिच्यावरून सहज पोटापर्यंत जातं. कुशीतल्या टाक्यांना तर मान वळवली की झालं. पगसारख्या आखूड तोंडाच्या पिल्लाला कदाचित चालेल, तेही लक्ष ठेवूनच.

सूट म्हणजे पोट झाकणारा कापडी अंगरखा. पिल्लू त्यात मोकळं वावरतं, नीट झोपतं. अडचण ओलाव्याची. मादी बसून लघवी करते, त्यामुळे दरवेळी मागची बटणं सोडून कापड वर गुंडाळावं लागतं. एकदा विसरलात की ओलं कापड थेट जखमेवर. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा दोन तरी सूट हवेत. शिवाय काही पिल्लं कापडावरूनच चाटत बसतात. टाके कुशीत असतील तर मात्र सूट फार सोयीचा, कारण लघवीचा ओलावा तिथवर सहसा पोचत नाही. घरचा जुना सुती टी-शर्टही चालतो: पुढचे पाय बाह्यांतून काढा आणि कमरेवर जास्तीच्या कापडाची सैल गाठ मारा. रबरबँड कधीच नको, तो कातडीत रुततो.

माझा निवाडा: कोन घ्याच. सूट जोडीला घ्या, कोनाऐवजी नको. चिंगीनंतरच्या माझ्या पिल्लाच्या, गुंडीच्या वेळी मी पहिले तीन दिवस चोवीस तास कोन ठेवला. नंतर दिवसा मी समोर असताना सूट, रात्री आणि घर रिकामं असताना कोन. घरात दिवसभर कुणीच नसेल तर सुटाचे पैसे वाचवा.

यातलं काहीही निवडलंत तरी दहा ते चौदा दिवस आंघोळ नाही, सोफ्यावर उडी नाही, जिना नाही. बाहेर जायचं ते फक्त शी-शूसाठी, पट्टा बांधून. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लाला बरं वाटू लागतं आणि ते हुंदडायला बघतं, तेव्हाच जास्त जपायचं. विरघळणारे टाके असले तरी ही मुदत कमी होत नाही. आजी प्रेमाने हळद-खोबरेल लावायला सांगेल, तिला हात जोडून नाही म्हणा. डेटॉलही नको. आणि दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मुळीच देऊ नका, कुत्र्यांना त्यांची विषबाधा होते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषधच, तेवढ्याच मात्रेत.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा. पहिल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर सूज वाढली की उतरली, ते ताडता येतं. पू, दुर्गंधी, ठिबकणारं रक्त, पांढुरक्या पडलेल्या हिरड्या, सारख्या उलट्या, किंवा चोवीस तास उलटूनही अन्नाला तोंड न लावणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

गुंडीचे टाके बाराव्या दिवशी निघाले. कोन मात्र मी आणखी एक रात्र ठेवला, कारण टाके काढलेल्या जागी तिला खाज सुटली होती.