गूगलची फिशिंग क्विझ : नववी-दहावीच्या वर्गात कितपत उपयोगी?

शाळेचा गृहपाठ गूगल क्लासरूमवर, शिकवणीच्या नोट्स टेलिग्रामवर आणि सराव परीक्षा तिसऱ्याच ॲपवर अशी सवय झालेल्या मुलांना ‘अनोळखी लिंक उघडू नका’ एवढे सांगून भागत नाही, कारण फिशिंगमध्ये, म्हणजे खोट्या संदेशाने माहिती काढून घेण्याच्या फसवणुकीत, फसवी लिंक बहुधा ओळखीच्याच नावाने येते. गूगलच्या जिगसॉ विभागाने जानेवारी २०१९ मध्ये आणलेली ही विनामूल्य प्रश्नमंजूषा नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवते. आठ ईमेल दाखवले जातात, प्रत्येक खरा की बनावट हे ठरवायचे असते आणि उत्तर दिल्यावर कारण त्या ईमेलवरच खुणा करून समजावले जाते. सुरुवातीला नाव व ईमेल मागितला जातो, पण तो मनाने रचलेला चालतो. रकाना दिसला की खरी माहिती भरून मोकळ्या होणाऱ्या मुलांचा पहिला धडा इथेच होतो.

एका प्रश्नातील फोटोच्या लिंकची सुरुवात ‘ड्राइव्ह.गूगल.कॉम’ अशी होते, परंतु तो पत्ता तिथे संपत नाही. पुढे टिंब देऊन ‘डाउनलोड-फोटो.सायटेझ.नेट’ असे शेपूट जोडलेले असते आणि मालक कोण हे त्या शेपटाच्या शेवटच्या दोन शब्दांवरून, म्हणजे ‘सायटेझ.नेट’वरून ठरते. पत्ता शेवटाकडून वाचायचा, ही एकच सवय लागली तरी क्विझ वसूल झाली असे मी म्हणेन. मात्र आपल्याकडच्या ‘दीक्षा.गव्ह.इन’सारख्या सरकारी पत्त्यांत शेवटचे दोन नव्हे, तीन शब्द पाहावे लागतात, आणि ते शिक्षकांनीच सांगायला हवे.

काही ईमेल अगदी खरे आहेत, ही रचना मला सर्वांत आवडली. त्यामुळे सरसकट ‘बनावट’ दाबत सुटणारा हुशार विद्यार्थीही अडकतो. शेवटच्या प्रश्नातील प्रवासाचे ॲप खरे असूनही जीमेल वाचण्याची परवानगी मागते. अभ्यासाच्या नव्या ॲपवर ‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबताना मुले परवानगीच्या ज्या पडद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, त्यावर बोलण्याची संधी येथे आयतीच मिळते.

उणीव मोठी आहे ती अशी, की सगळा भर ईमेलवर आहे. व्हॉट्सॲपवर ‘निकाल पाहा’ म्हणून येणारी, फोनमध्ये ॲप बसवणारी एपीके फाइल, क्यूआर कोड किंवा ‘सर बोलतोय, ओटीपी सांग’ असा फोन यांतले काहीच त्यात नाही. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर कळवायचे, हेही आपणच सांगायचे. शिवाय संगणकावर माउस नेताच लिंकचा खरा पत्ता दिसतो, तर मोबाइलवर ती दाबून धरावी लागते. मुले फोनच वापरतात, तेव्हा सराव फोनवरही घ्यावा. एका तासिकेत क्विझ आरामात होते, पण घाईने आठही प्रश्न संपवण्यापेक्षा चारच घेऊन प्रत्येकावर वर्गात वाद होऊ द्यावा, असे मी सुचवेन.