गावात शिकवायला जायचंय? पोरांना शिकवायचं का त्यांच्या बापाला, ते आधी ठरवा

पुण्या-नाशिकला नोकरीला लागलेली आपल्याकडची पोरं-पोरी हल्ली बऱ्याचदा विचारतात, भाऊ, गावाकडं फुकट शिकवायला यायचंय, कुठं जाऊ. कोणी शनिवार-रविवार देणार असतं, कोणी नोकरी सोडून वर्षभर यायला तयार असतं. सगळ्यांना एकच उत्तर देऊन चालत नाही म्हणून खानदेशात जे पर्याय खरोखर आहेत ते शेजारी-शेजारी ठेवून लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, तुमच्याकडं फक्त सुट्टीचे दिवस असतील तर पोरांच्या वर्गापेक्षा मोठ्या माणसांना शिकवा, आणि पूर्ण वर्ष असेल तर सातपुड्यात जा. मधलं अर्धवट काही करू नका.

पहिला पर्याय सगळ्यांच्या डोक्यात असतोच, तापीकाठच्या किंवा कपाशीच्या पट्ट्यातल्या गावात, म्हणजे चोपडा, अमळनेर, पारोळा, शिंदखेडा अशा तालुक्यांत, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गात संध्याकाळी गणित-इंग्रजी घ्यायचं. सोयीचं आहे, एसटी जाते, मुक्कामाला कोणी ना कोणी नातेवाईक असतोच, आणि भाषेचा प्रश्न फारसा येत नाही, पोरं आपसात अहिराणी बोलतील पण मराठी सगळ्यांना कळते. अडचण वेगळीच आहे. जून-जुलैमध्ये वर्ग भरगच्च असतो, फोटोपण चांगले येतात, आणि दसरा जवळ आला की "सर, कापूस येचाले जानं शे" म्हणून एकेक बाक रिकामा व्हायला लागतो. वेचणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागं जे मागतो ते परवडत नाही, मग घरची पोरं वावरात. ते काही आईबापाचं अडाणीपण नाही, कपाशी फुटली आणि अवकाळी आला तर वर्षाचा पैसा बोंडातच भिजतो. आपले स्वयंसेवक मात्र दिवाळीनंतर "पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही" असं म्हणून निघून जातात, खरं तर कोणत्या महिन्यात कोणतं पीक उभं असतं हे यायच्या आधी कोणी विचारलेलंच नसतं.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. आपण शिकवतो काय, तर शेतीतून बाहेर कसं पडायचं. भाषणंपण तीच, शिक नाहीतर बापासारखं वावरात मरशील. देशातली साधारण 46 टक्के काम करणारी माणसं शेतीवर आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाहेर पडावंसं वाटणं चूक नाहीच, पण जे 46 टक्के आतच राहणार त्यांना शिकवायला कोणी येत नाही भो. बाकीच्या कामांचं बघा, सुरत-नागपूर हायवे चौपदरी झाला, मनमाड-इंदूर रेल्वे मंजूर झाली, धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याला उद्योग येणार म्हणून कधीपासून ऐकतोय, आणि शेतीच्या पाण्याचं म्हणाल तर 1990 च्या दशकात सुरू झालेलं तापीवरचं पाडळसे धरण अजून पुरं व्हायचंय. 2025 चंच बघा ना, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये केला आणि ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ, आधी सप्टेंबरअखेर आणि मग वाढवून डिसेंबरअखेर, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळेला. मिलवाल्यांचं गाऱ्हाणं दिल्लीत लगेच पोचतं, शेतकऱ्याचं नाही, त्याला निदान स्वतःचा हिशोब तरी कळावा.

म्हणून दुसरा पर्याय, मोठ्यांना शिकवणं. याला सरकारी दारपण आहे, उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, 2022 ते 2027 असा आहे, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, आणि तो स्वयंसेवकांवरच चालतो, मानधन काही नाही. जवळच्या शाळेत जाऊन नाव नोंदवता येतं. पण नुसतं अक्षरओळखीवर थांबलात तर महिनाभरात माणसं यायची बंद होतील, ज्याला दिवसभर फवारणी करून यायचंय त्याला 'कमळ' कशाला लिहायचंय. त्याला सातबारा वाचायचाय, ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या सरकारी पीक नोंदीत, कपाशीच्या जागी चुकून मका लागलाय का ते बघायचंय, आलेला ओटीपी दुसऱ्याला सांगायचा नाही हे कळायला पाहिजे. सीसीआयला, म्हणजे हमीभावानं खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर आता कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पीक लागतं, आणि ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर 12 पर्यंत कापून, 12 च्या पुढं गाडी परत. हे माहीत नसलेला माणूस कापूस घाईत ओलाच नेतो, परत येतो, भाड्याचे पैसे जातात आणि शेवटी खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, सापडतो. पीक विम्याचं तर दरवर्षी नवीन, 2023 ला एक रुपयात होता, 2025 च्या खरिपापासून ते बंद, परत टक्केवारीचा हप्ता आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही वावरांतलं पीक कापून उत्पन्न मोजतात त्यावर. शिकलेल्या माणसालासुद्धा दोनदा वाचावं लागतं ते.

एक वर्ग सांगतो, म्हणजे अंदाज येईल. मारुतीच्या पारावर लाइटखाली बसलेली माणसं, मधे एकाच्या खिशातून निघालेली व्यापाऱ्याच्या हिशोबाची चुरगाळलेली पट्टी. कापूस नऊ क्विंटल चाळीस किलो, भाव सात हजार, क्विंटलमागं दोन किलो कट्टी, म्हणजे वजनातली कपात. फळ्यावर मांडलं, नऊ पूर्णांक चार गुणिले दोन, अठरा किलो आठशे ग्रॅम, किलोला सत्तर रुपये, झाले तेराशे सोळा. सगळे गप. मग मागून एक आजी म्हणे, "म्हन्जे माना पोऱ्याना दप्तरना पैसा त्यानी तठेच काढी लिधा." पुढच्या वेळी त्याच आजी सुनेला घेऊन आल्या. टक्केवारी शिकवायला यापेक्षा बरं उदाहरण कोणत्याच पुस्तकात नाही, आणि बापाशेजारी बसलेली सातवी-आठवीची पोरंपण फुकटात शिकतात.

याचा तोटापण ऐका. यात कौतुक कमी, कटकट जास्त. व्यापारी गावातलाच असतो, कधी तुमच्याच भाऊबंदातला, तो तुम्हाला चहा पाजून विचारेल की हे काय चाललंय. माणसं रात्री नऊनंतरच मोकळी होतात, लोडशेडिंगमुळं पाणी भरायची पाळी रात्रीची असेल तर तेही नाही. आणि बायकांना वेगळी वेळ द्यावी लागते, पुरुषांत बसून त्या बोलत नाहीत. केळीपट्ट्यात, रावेर-यावलला, विषय बदलतो, तिथं बोर्डावर जाहीर होणारा केळीचा भाव एक आणि बागेत कापणीला आलेल्या व्यापाऱ्याचा भाव एक, आणि घड पिकायला लागला की थांबता येत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला तुमच्याहून चांगलं माहितीय, तुम्ही तिथं फक्त हिशोब लिहून ठेवायला शिकवू शकता.

तिसरा सातपुडा. नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव, अक्कलकुवा, मोलगीचा भाग. इथं शनिवार-रविवारचं काम नाहीच, पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की रस्ताच बंद. पोरांची घरची भाषा पावरी, भिली, अहिराणीपण उपयोगाची नाही, पहिले दोन-तीन महिने तुम्हीच विद्यार्थी. नर्मदेकाठच्या जीवनशाळा, म्हणजे नर्मदा बचाओ आंदोलनानं आदिवासी पोरांसाठी काढलेल्या शाळा, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच करताहेत, मुलांच्या भाषेतून सुरुवात आणि गावातलीच शिकलेली पोरं शिक्षक. त्या बघून या आधी. तिथला अवघड काळ दिवाळीनंतरचा, घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातकडं जातात, पोरं सोबत, आणि बरीचशी होळीला परततात. वर्ग मधेच तुटतो. त्यामुळं इथं यायचं तर अभ्यास दोन तुकड्यांत बसवायला लागतो, जून ते दिवाळी एक आणि होळीनंतर परत, आणि जे मागं आजीआजोबांकडं राहतात त्यांच्यासाठी मधला वेगळा. वर्षाच्या आत सोडून जाणार असाल तर जाऊच नका, त्या पोरांना सोडून जाणाऱ्या माणसांची सवय आधीच फार आहे.

खर्चाचं म्हणाल तर सातपुड्यात राहणं-खाणं स्वस्त, पण तुमचा पगार बंद. वर्षभराची शिल्लक बाजूला असल्याशिवाय निघू नका, घरचे तिसऱ्या महिन्यात फोन करायला लागतात.

ऑनलाइन वर्ग हा चौथा पर्याय, त्याच्यावर जास्त लिहीत नाही. दहावी-बारावीच्या ज्या पोराकडं स्वतःचा मोबाइल आहे त्याला उपयोग, बाकीच्यांचा मोबाइल बापाच्या खिशात वावरात असतो.

कोणी म्हणेल शिकवणं वेगळं आणि शेतकऱ्यांचे प्रश्न वेगळे, कशाला मिसळता. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवायचे, 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, आणि पुढं अमळनेरहूनच 'काँग्रेस' साप्ताहिक काढून याच भागातल्या शेतकऱ्यांच्या सारामाफीसाठी गावोगाव फिरले. शाळांना त्यांचं नाव दिलं, गोष्टी सांगणारे गुरुजी लक्षात ठेवले, सारामाफीवाले सोयीनं विसरलो.

आता ठरवायचं कसं. महिन्यातून दोनच रविवार असतील तर एकच गाव धरा, मोठ्यांचा वर्ग धरा, आणि सुरुवात पेरणीच्या धांदलीत करू नका, पोळ्यानंतर करा, म्हणजे कापूस विकायच्या आधी ओलावा, कट्टी आणि पट्टी एवढं तरी होऊन जातं. शाळेतच शिकवायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला आधी भेटा, परवानगी लेखी घ्या, आणि तिथल्या शिक्षकांना विचारा की कोणत्या पोरांना काय येत नाही, त्यांना ते तोंडपाठ असतं. वर्ष असेल तर आधी मे महिन्यात धडगावकडं आठवडाभर राहून बघा, तेव्हा आमचूर वाळत असतो, माणसं घरी सापडतात, आणि उन्हात तो डोंगर चढून झाल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल जमणार का नाही.