सोलरची ‘टाकी गेली’ म्हणाला, तर आधी स्वतः गच्चीवर जा

साताऱ्याच्या पेठांमध्ये आणि सांगलीच्या गावभागात जुन्या घरांवर पाणी तापवायचे, तांब्याच्या पॅनेलचे सोलर अजून दिसतात. पाणी कोमट यायला लागलं की बोलावलेला माणूस वर जातो, पाच मिनिटांत खाली येतो. “काकू, टाकी गेली. नवीनच घ्या, जुनं आम्ही उचलून नेतो.” फसवणूक इथूनच सुरू होते.

बऱ्याचदा टाकी धडधाकट असते. जड पाण्याचा क्षार पॅनेलच्या अर्ध्या इंची नळ्यांत बसलेला असतो. भर दुपारी वरच्या पाइपला हात लावा. पॅनेलजवळ चटका बसतोय, पण टाकीतलं पाणी कोमट, म्हणजे पाण्याचं फिरणं अडलंय. जाणकाराकडून ॲसिडने धुऊन घेतलं की नळ्या मोकळ्या होतात. टाकी खरोखर फुटली असेल तर सगळे सांधे कोरडे असूनही बाहेरच्या पत्र्याखालून पाणी ठिबकत राहतं.

आणि ‘फुकट उचलून नेतो’ म्हणजे काय? दोन चौरस मीटरच्या एका पॅनेलमध्ये साधारण नऊ उभ्या नळ्या, वर आणि खाली इंचभर जाडीची एकेक आडवी नळी, सगळं तांबं. बदलायचंच ठरलं तर जुनं पॅनेल वजन करून, तांब्याच्या भावानेच द्या.

नव्या, काचेच्या ट्यूबवाल्या सोलरमध्ये मापात मारतात. ५८ मिमी जाड, १८०० मिमी लांब ट्यूबमध्ये अडीच लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. वीस ट्यूबचं झालं पन्नास-बावन्न. दीडशेची टाकी ‘दोनशे लिटर’ म्हणून खपते ती अशी. ट्यूबमधलं पाणी नळाला येत नाही, ते तिथेच राहतं. टेप घेऊन मोजा: टाकीचा आतला व्यास ३६ सेंमी असेल तर दर १० सेंमी लांबीला सुमारे १० लिटर. दोनशेसाठी आतून जवळजवळ दोन मीटर लांबी हवी. बाहेरून मोजताना उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचे प्रत्येक बाजूचे अंदाजे ५ सेंमी वजा करा.

लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, ३०४ स्टील आहे’ असं दाखवतील (३०४ हा स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड). त्याला भुलू नका. हलकं २०२ स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही, आणि खारट पाण्यात ते लवकर भोकं पाडून घेतं. सांगलीकडच्या बोअरच्या पाण्यात तर ३०४ सुद्धा खात्रीचं नाही. तिथे ३१६एल या त्याहून टिकाऊ स्टीलची, किंवा आतून काचेचा लेप आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी असलेली टाकी घ्यावी. स्टीलचा ग्रेड आणि ‘ट्यूब सोडून टाकीचे लिटर’ हे दोन्ही बिलावर लिहून मागा. प्रामाणिक विक्रेता लगेच लिहून देतो.

‘सरकारी सबसिडी मिळवून देतो’ म्हणत आधार आणि पासबुक मागणारेही फिरतात. पाणी तापवायच्या सोलरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ सालीच बंद झालं. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे, सोलर गिझरला नाही. अशा माणसाला कागदाची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.