भारत गृह रक्षा पॉलिसी: खेड्यातल्या घरासाठी चांगली, पण क्लेम आपल्यालाच उभा करावा लागतो

1 एप्रिल 2021 पासून घराचा आग आणि नैसर्गिक आपत्तीचा विमा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी ठेवावीच लागते. मूळ मजकूर सगळीकडे तोच. फरक पडतो हप्त्यात, आणि त्याहून जास्त क्लेमच्या वेळच्या वागणुकीत. पीक विमा आपल्या विदर्भात घरोघरी माहीत आहे, घराचा विमा मात्र फक्त बँकेने कर्जापोटी काढला तेवढाच. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने भंडारा ते गडचिरोली घरं बुडवली, 2022 च्या जुलैत वर्धा नदीने तेच केलं, तरी हे चित्र फारसं बदललेलं नाही. म्हणून या पॉलिसीबद्दल सविस्तर.

आधी जमेची बाजू. पूर, पाणी साचणं, वादळ, वीज, भूकंप, आग, घरावर झाड पडणं, हे सगळं मूळ हप्त्यातच येतं. यापैकी काही घडल्यावर 7 दिवसांच्या आत त्यामुळेच चोरी झाली तर तीही धरतात. घराची विमा रक्कम काढायची पद्धत सरळ आहे: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा आजचा दर. 600 चौरस फूट आणि 1,500 रुपये दर धरला तर 9 लाख. घरासोबत सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे इथे 1 लाख 80 हजार, आपोआप मिळतात. सामानाची कमाल मर्यादा 10 लाख. मलबा उचलायला क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-सर्व्हेअरच्या फीला 5 टक्क्यांपर्यंत वेगळे. भरपाई नव्याने बांधायच्या खर्चावर असते. त्यामुळे 'टिन जुने होते' म्हणून कोणी घसारा कापत असेल तर कोणत्या कलमाखाली कापला, ते लेखी मागा. कवेलू काढून स्लॅब टाकलात तर मात्र वरचा फरक तुमचा.

आता आपल्या भागात क्लेम अडतो कुठे, ते नीट समजून घ्या. पॉलिसीत पूर आणि वादळ आहे, नुसता पाऊस नाही. आपल्याकडे मातीची भिंत बहुतेक वेळा आठवडाभराच्या संततधारेने भिजून बसते. नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने 'ओल मुरल्याने भिंत खचली' असं लिहिलं की क्लेम तिथेच संपतो. नाल्याचं पाणी खरोखर घरात शिरलं असेल तर त्याची खूण पुसली जायच्या आत पकडायला हवी. भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून फोटोत घ्या, उंबरठ्यापासून किती इंच ते दिसू द्या. शेजारच्या दोन घरांच्या रेघा त्याच उंचीवर असतील तर त्यांचेही फोटो. आपल्या महसूल मंडळाचा त्या दिवसाचा पाऊस काढून जोडा; 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर असेल तर सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. अर्जात 'पावसाने घर पडले' असं मोघम लिहू नका. 'नाल्याच्या पुराचे पाणी घरात शिरून भिंत कोसळली' किंवा 'वादळी वाऱ्यासह गारपिटीने टिन उडाले व फुटले' असं, जे घडलं तेच, पण पूर्ण लिहा.

दुसरा अडथळा काळ्या मातीचा. ती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि पाया उथळ असला की भिंतीला तिरप्या भेगा जातात. नव्या बांधकामाचं साधं बसणं, भरावाच्या जमिनीचं खचणं आणि सदोष बांधकाम पॉलिसीतून वगळलेलं आहे. पुरानंतर गेलेल्या भेगा वेगळ्या दाखवता याव्यात म्हणून पॉलिसी घेतानाच चारही भिंतींचे तारखेचे फोटो काढून ठेवा. ही पाच मिनिटं फार कामाची.

विजेचंही तसंच. वीज पडून घर जळालं तर भरपाई आहे. पण विजेमुळे शॉर्टसर्किट होऊन टीव्ही, फ्रिज किंवा मोटार आतल्या आत जळाली, तर ते विशिष्ट यंत्र वगळलेलं आहे. त्यातून आग पसरून जळालेलं बाकी सामान मात्र धरतात.

प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, एजंटाला भरू देऊन फक्त सही करू नका. लाकूड, गवत, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री असलेली भिंत किंवा छत म्हणजे कच्चं बांधकाम. ते लपवलं तर क्लेमच्या दिवशी तेच आडवं येतं. मातीच्या भिंती आणि कवेलू असतील तर तसं स्पष्ट लिहून कंपनीचा होकार लेखी घ्या. ढोरांचा कोठा आणि सपरी मोजमापासह नोंदवा, आपोआप धरल्या जातील असं मानू नका. घरात भाववाढीसाठी ठेवलेला कापूस आणि सोयाबीनची पोती हा विक्रीचा माल आहे, घरसामान नाही. त्याचा विमा वेगळा. नंतर खोली वाढवून कार्पेट एरिया 10 टक्क्यांहून जास्त वाढला तर कळवून जास्तीचा हप्ता भरावा लागतो. आणि नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, अजून वडिलांचंच नाव असेल, ते हयात नसतील, तर वारस नोंद आधी करून घ्या.

नुकसान झालं की त्याच दिवशी टोल फ्री नंबरवर कळवून क्लेम नंबर घ्या, आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. विमा नियामकाच्या (IRDAI) 2024 च्या सर्क्युलरप्रमाणे 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, 15 दिवसांत त्याचा अहवाल, अहवालानंतर 7 दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात सर्व्हेअर नागपूर-अमरावतीहून येतो आणि मोठ्या पुरात रस्तेच बंद असतात. या सेवेत सर्वात कच्चा दुवा हाच, आणि कंपन्यांनी तो सुधारायलाच हवा. सर्व्हेअर येईपर्यंत छतावर ताडपत्री टाका, तिची पावती ठेवा, पण वाकलेले टिन भंगारवाल्याला देऊ नका. टिन मोजा: किती, 8 फुटी की 10 फुटी, जाडी किती. सर्व्हेअर भंगाराची किंमत वजा करतो, त्यामुळे तो आकडाही आपल्याकडे हवा.

मिस्त्रीचं 'एकूण दोन लाख' असं एस्टिमेट अर्ध्यावर येतं. विटा किती, सिमेंटच्या बॅगा किती, रेती किती ब्रास, मजुरीचे दिवस आणि रोजी, टिनाचा दुकानाचा दर, असं ओळीओळीने लिहून घ्या.

तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो आणि ती मदत तुटपुंजी: एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद निधी) 2022-26 च्या निकषात किमान 15 टक्के पडझडीला पक्क्या घराचे 6,500 आणि कच्च्याचे 4,000 रुपये, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार. तरी त्याची प्रत विम्याला पुरावा म्हणून लागतेच. पंचनाम्यात कारण 'पूर' आणि क्लेममध्ये 'वादळ' असं होऊ देऊ नका.

रक्कम कमी वाटली तर 'संपूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर घाईने सही करू नका, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. विदर्भ पुणे कार्यालयाकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो, सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, म्हणजे सिरोंच्याहून पुण्याला जायची गरज नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो.