दहावी गणिताचा क्लास, यावल: शाब्दिक उदाहरणांसाठी नक्की पाठवा

आमची केळीची शेती. पोरगी वर्गसमीकरणं सूत्रानं पटापट सोडवायची, पण क्षेत्रफळाचं शाब्दिक उदाहरण आलं की वही मिटायची. म्हणून जूनपासून या क्लासला घातली.

सर आधी आकृती काढायला लावतात, समीकरण नंतर. एकदा तिला घ्यायला गेलो, तर आतलं ऐकू येत होतं. वावराची लांबी रुंदीपेक्षा 10 मीटर जास्त, क्षेत्रफळ 1200 चौरस मीटर. रुंदी क्ष धरली, की क्ष(क्ष + 10) = 1200. अवयव पाडले: (क्ष + 40)(क्ष − 30) = 0. पोरांनी 30 आणि उणे 40, दोन्ही उत्तरं लिहिली. सर थांबले, म्हणाले, "उणे 40 मीटरचा बांध घालून दाखवा बरं!" तेवढ्यात मी मनात हिशोब केला: 30 बाय 40, म्हणजे जवळपास 12 गुंठे. आपलंच वावर!

चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, हेही सरांनीच पोरांना सांगितलं.

बॅच मात्र फार मोठी आहे, मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही. लवकर जाऊन पुढे बसवा. पोरगी आता उदाहरण वाचलं की आधी पट्टी शोधते.